आठ दिवसांत सहा व्हॅल्या? दादा, तीनच करा

पत्र: ताई, आम्ही मणेराजुरीकडचे. सहा एकर द्राक्षबाग आहे, थॉम्पसन आणि सुपर सोनाका या जाती, निम्मा माल बेदाण्याला जातो. पोरगा चिलीत सँटियागोला नोकरीला आहे आणि या वर्षी या म्हणून मागं लागलाय. तिथल्या ट्रॅव्हलवाल्यानं आठ दिवसांत सहा वाइन व्हॅल्या असा प्लॅन दिलाय. पोरगा म्हणतो मार्चमध्ये या, तोडणी बघायला मिळंल. पण मी आयुष्यभर द्राक्ष पिकवलं, वाइन एक घोट प्यायलेलो नाही. तिथं हसं व्हायला नको. आई माळकरी, तिला काय सांगू? सौ. म्हणते तुम्ही पिणार, मी तिथं काय करू? आणि येताना तिकडच्या जातीच्या दोन काड्या आणून लावाव्यात का? – एक बागायतदार

उत्तर:

दादा, पहिलं म्हणजे तो सहा व्हॅल्यांचा प्लॅन फाडून टाका. चिली हा देश नकाशावर बघितलाय का, वरनं खाली चार हजार किलोमीटरच्या वर लांब आणि रुंदीला अगदी चिंचोळा, एका बाजूला अँडीजचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पॅसिफिक समुद्र, आणि डोंगरातनं समुद्राकडं उतरणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांना ही व्हॅल्यांची नावं. एल्की एका टोकाला, इताता दुसऱ्या टोकाला. सहा व्हॅल्या म्हणजे तुम्ही सकाळी गाडीत, दुपारी टेस्टिंग रूममध्ये आणि संध्याकाळी परत गाडीत, आणि परत आल्यावर कुठल्या गावात काय चाखलं ते तुमचं तुम्हालाच आठवायचं नाही. तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला बाग बघायचीय, बाटल्यांची कपाटं नाही. म्हणून माझं सरळ म्हणणं, तीन व्हॅल्या घ्या, प्रत्येकीत एकच मुख्य जात धरा, आधी वेलीजवळ उभं राहा आणि मग ग्लास हातात घ्या.

आता मार्चचं. पोरगा खोटं सांगत नाही, पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात असल्यामुळं त्यांची तोडणी फेब्रुवारीच्या शेवटापासनं एप्रिलपर्यंत चालते आणि मार्चमध्ये सांता क्रूझला तोडणीचा मोठा उत्सवपण असतो. पण मार्चमध्ये तुमच्या स्वतःच्या बागेत काय चाललेलं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको, माल काढणीला, बेदाणा शेडवर, व्यापारी दारात, त्यात अवकाळीचं ढग दिसलं की अर्धा जीव जातो. ते सोडून तुम्ही सँटियागोच्या हॉटेलात बसलात तर दर तासाला शेडवर फोन लावणार, पोरगा वैतागणार, आणि वहिनी त्याच्यापेक्षा जास्त वैतागणार.

त्यापेक्षा एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मेचा पहिला आठवडा धरा. माल निघाल्यावरची खरड छाटणी उरकून, पाणी-खताचं ठरवून देऊन भावावर किंवा गड्यावर सोपवून निघता येतं, सबकेनच्या, म्हणजे शेंडा मारून नवी फूट घ्यायच्या कामापर्यंत थोडी उसंत असते. (छाटणी मागं पडली तर तिकीट पुढं ढकला, बागेची वेळ तिकिटासाठी हलवू नका.) आणि चिलीत त्या वेळी सगळी तोडणी संपलेली नसते. त्यांची जी खास जात, कार्मेनेर, ती सगळ्यात शेवटी पिकते, मर्लो ही दुसरी लाल जात उतरून तीन-चार आठवडे झाले तरी ही वेलीवर लटकतच असते. पानं लालभडक झालेली असतात. गर्दी कमी. सकाळी थंडी असते तेवढा स्वेटर घ्या.

या कार्मेनेरची गोष्ट तुम्हाला आवडंल म्हणून जरा सविस्तर सांगते. ही मूळची फ्रान्सच्या बोर्दोची जात. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये फिलॉक्सेरा आला, मुळं खाणारी बारीक कीड, आणि बागाच्या बागा बसल्या. अमेरिकन खुंटावर कलमं करून त्यांनी बाकीच्या जाती परत उभ्या केल्या, पण कार्मेनेर फुलोऱ्यात नखरे करते, फळधारणा नीट होत नाही, म्हणून तिच्या वाटेला कोण गेलं नाही आणि ती तिकडनं जवळजवळ नाहीशीच झाली. पण त्याच्या आधीच चिलीच्या श्रीमंत लोकांनी बोर्दोहून काड्या आणून लावल्या होत्या. त्या काड्यांत मर्लो आणि कार्मेनेर मिसळ होती आणि सगळ्यांना मर्लोच म्हणायचे. शंभर वर्षांच्या वर हे असंच चाललं! तोडणी एकदमच व्हायची, त्यामुळं निम्मा माल पिकलेला आणि निम्मा कच्चा, आणि त्या वाइनला एक हिरवट वास यायचा, लोकांना वाटायचं चिलीचं मर्लो असंच असतं. १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये झाँ-मिशेल बुर्सिको नावाचा फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ माइपो व्हॅलीत विन्या कार्मेनच्या बागेत फिरत होता आणि वेली बघूनच त्यानं सांगितलं की हे मर्लो नाही, हे कार्मेनेर आहे. आता विचार करा, आपल्याकडं बोरगावच्या वसंतराव आर्व्यांनी थॉम्पसनच्या बागेत एक वेगळी वेल हेरली आणि त्यातनं तास-ए-गणेश ही जात आली, ते पण नुसत्या नजरेनंच की. वेल ओळखणारा माणूस बागेतच लागतो, लॅब नंतर.

आणि फिलॉक्सेरा चिलीत आजपर्यंत आलेला नाही. समुद्र, डोंगर आणि वरच्या बाजूला आताकामाचं वाळवंट, तिन्हीकडनं कुंपण. त्यामुळं तिथं खूप बागा अजून स्वमुळावर आहेत, खुंट नाही, कलम नाही. आपल्याकडं डॉगरिजच्या खुंटाशिवाय बाग लावायची म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. तुम्ही तिथं गेल्यावर वाकून खोडाच्या तळाशी कलमाची गाठ शोधा, नाही सापडली की मालकाला विचारा, बघा कसा रंगात येतो तो गप्पा मारायला.

आता तीन व्हॅल्या कुठल्या ते सांगते.

कासाब्लांका. सँटियागोहून वालपाराइसोच्या रस्त्यावर, गाडीनं तासा-सव्वा तासात. इथं एक दिवस पुरे. ही तशी नवी व्हॅली, पाब्लो मोरांदे यांनी १९८२ ला इथं वाइनची द्राक्षं लावली तेव्हा लोकांना ते धाडस वाटलं होतं, कारण थंडी आणि हिमकण पडायची भीती. समुद्रातनं थंड पाण्याचा प्रवाह जातो, सकाळी धुकं आत शिरतं आणि दुपारपर्यंत रेंगाळतं, त्यामुळं द्राक्ष सावकाश पिकतं आणि आंबटपणा टिकतो. इथं सोव्हिन्यों ब्लां आणि शार्दने ह्या पांढऱ्या जाती. धुकं म्हटल्यावर तुमच्या पोटात गोळा येणार मला माहितीय, दावण्याची बुरशी येईल म्हणून. पण चिलीच्या बागांत उन्हाळ्यात पाऊसच नसतो, दावण्याचा फारसा त्रास नाही, भुरी मात्र त्यांनाही सुटत नाही. त्यांचं फवारणीचं वेळापत्रक विचारून घ्या, ते बघून तुम्हाला हेवा वाटंल एवढं सांगून ठेवते. संध्याकाळी वालपाराइसोला जाऊन समुद्र बघा, विषय संपला.

कोल्चाग्वा. इथं चार रात्री राहा, यात काटकसर नको. सँटियागोच्या दक्षिणेला साधारण १८० किलोमीटर, सांता क्रूझ हे गाव मुक्कामाला धरा, सँटियागोहून बस मिळते. कार्मेनेर, काबेर्ने सोव्हिन्यों, सिरा, सगळ्या लाल जाती इथं जोरात. आपाल्ता नावाचा भाग आहे, डोंगराच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणात बसलेला, तिथल्या बागा चढावर गेलेल्या आहेत. पाणी अँडीजच्या बर्फाचं, कालव्यानं येतं, आणि आता बहुतेक ठिकाणी ठिबक, कारण २०१० पासनं तिथं दुष्काळानं चांगलंच पिळलंय. म्हैसाळ-टेंभू उपसा योजनांच्या पाण्याच्या आवर्तनाकडं डोळे लावून बसणाऱ्या माणसाला हा विषय सांगायला नको.

बाग बघताना तुम्हाला पहिला धक्का बसणार तो घडाचा. मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही, तारांवर उभी भिंत केलेली आणि घड गुडघ्याच्या उंचीला. मणी हरभऱ्याएवढे, सालीला जाड, आत बिया. घड औषधात बुडवायचं डिपिंग नाही, विरळणी नाही, मणी फुगवायच्या जीएचं (जिबरेलिक अ‍ॅसिडचं) नाव नाही. आपण मणी फुगवायला जीव टाकतो आणि ते मणी बारीक राहावा म्हणून पाणी तोडतात, कारण लाल वाइनचा रंग आणि कस सालीत असतो, मणी जेवढा बारीक तेवढं रसाच्या मानानं साल जास्त. एकरी मालही मुद्दाम कमी ठेवतात. आपल्याकडं एकरी दहा-बारा टन काढणाऱ्याला तिथं चांगल्या बागेत चार टनाला थांबलेला शेतकरी दिसला की आधी कीव येते, मग त्या बाटलीची किंमत कळते आणि कीव जाते.

एक काम करा, खिशात रसातली साखर (ब्रिक्स) मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर टाका. निर्यातीच्या मालाला आपण १८ ब्रिक्स आलं की खूश, तिथं परवानगी घेऊन एक मणी पिळून बघा, २३-२४ लागतंय का. साखरेचंच पुढं अल्कोहोल होतं, २४ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबला की साधारण साडेतेरा-चौदा टक्क्यांची वाइन. आणि तो मणी टाकून देऊ नका, तोंडात घाला. आधी नुसता रस चोखा, गोड. मग साल चावा, जीभ आकसते. मग बी थुंकून तळहातावर घ्या, हिरवी आहे का तपकिरी ते बघा, तपकिरी झाली आणि चावल्यावर कडकड वाजली तर माल तयार, हिरवी आणि कडू असंल तर अजून थांबा. तिथले वाइन बनवणारे तोडणीच्या आधी बागेत फिरत हेच करत असतात. ब्रिक्स गाठलं म्हणून ते लगेच तोडत नाहीत, कार्मेनेरमध्ये तर नाहीच, कारण साखर आधी तयार होते आणि तो हिरवट वास उशिरा जातो.

तो वास कसला ते सांगते म्हणजे ग्लास नाकाला लावल्यावर तुम्ही गोंधळणार नाही. ढोबळी मिरची. खरंच, चिरलेल्या ढोबळी मिरचीत जो वासाचा घटक असतो तोच कच्च्या कार्मेनेरमध्ये असतो. पूर्ण पिकलेल्या मालात तो मागं हटतो आणि काळ्या फळांचा, मसाल्याचा, थोडा धुरकट वास पुढं येतो. म्हणून एकाच वायनरीत स्वस्तातली कार्मेनेर आणि भारीतली कार्मेनेर शेजारी-शेजारी मागा. फरक तुम्हाला नाकानंच कळंल, कुणी सांगायची गरज नाही.

तिसरी इताता. ही ट्रॅव्हलवाल्याच्या यादीत असणारच नाही बहुतेक, कारण चकाचक टेस्टिंग रूमा इथं कमी. सँटियागोहून खाली चारशे किलोमीटर, चियान गावाच्या बाजूला. पोरगा सोबत असंल तरच करा, कारण इंग्रजी फार चालत नाही. पण मी म्हणते तीन रात्री इथं द्याच. स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात आले तेव्हा चर्चच्या विधीला वाइन लागायची म्हणून त्यांनी पाईस नावाची लाल जात लावली, ती इथं अजून आहे, आणि मोस्कातेल, आणि सँसो. वेली शंभर वर्षांच्या पुढच्या, ना तार ना खांब, खोडाच्या बुटक्या झुडपासारख्या उताराच्या रानात उभ्या, आणि बऱ्याच बागांना पाणीच नाही, हिवाळ्यातल्या पावसावर वर्ष काढतात. नांगरट अजून काही ठिकाणी घोड्यानं. मालक म्हणजे तुमच्यासारखाच पाच-सात एकरवाला, आणि त्याचं दुखणंही ओळखीचं: मोठ्या वायनऱ्यांनी माल पडत्या भावानं उचलायचा. आता काही तरुण पोरं त्याच पाईसची स्वतःच्या नावानं बाटली काढायला लागलीत. पिपेन्यो म्हणून गावठी ताजी वाइन मिळते, फार साधी, तीच घ्या.

वाटेत माउले लागतं, तिथं जुन्या कारिन्यानच्या बागा आहेत. १९३९ च्या चियानच्या भूकंपानंतर शेतकऱ्यांना सावरायला म्हणून त्या भागात ही जात लावली गेली आणि नंतर कित्येक वर्षं तिला कोण विचारत नव्हतं. दुपारचं थांबायला बरंय. एल्की सोडून द्या, ती उत्तरेला, तिथं मुख्यतः पिस्को ही दारू गाळतात आणि आकाश बघायच्या वेधशाळा आहेत, पुढच्या खेपेला जा. माइपो मात्र सँटियागोच्या दारातच आहे, काबेर्नेचं माहेरघर, परतीच्या आदल्या दिवशी वेळ उरलाच तर पिर्केला कोंचा इ तोरोची जुनी, १८८३ ची वायनरी बघून या, मेट्रोनं बरंच जवळ जाता येतं. जत्रा असते तिथं, पण तळघर बघण्यासारखं आहे.

आता हसं व्हायची भीती. दादा, टेस्टिंगला येणाऱ्या दहातल्या आठ जणांनी आयुष्यात द्राक्षाची वेल जवळनं बघितलेली नसते. ते ग्लास गरागरा फिरवतात म्हणून घाबरू नका. टेबलावर ग्लासात जेमतेम दोन-तीन घोट ओततात, तीन ते पाच प्रकार, पांढऱ्यापासनं लालकडं, हलक्यापासनं जडकडं. रंग बघा, एकदा न हलवता वास घ्या, मग थोडं फिरवून परत घ्या, छोटा घोट तोंडात सगळीकडं फिरू द्या आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाका. ते भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं, तिथले जाणकार तर थुंकतातच, गिळणारा नवखा. दिवसाला दोन वायनऱ्या, तिसरी नको, तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळत नाही. उपाशीपोटी तर अजिबात नको. बीपीच्या-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर जायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि लाल वाइन हृदयाला चांगली वगैरे जे कोण सांगतंय त्याचं ऐकू नका, दारू ती दारू. वायनरीत सांगायचं एकच, आम्ही इंडियातले द्राक्ष शेतकरी आहोत. मोबाइलमध्ये स्वतःच्या बागेचे, बेदाणा शेडचे फोटो ठेवा. आम्ही गेलो होतो तेव्हा आमच्या सोबतच्या एका काकांनी मांडवाखाली लटकलेल्या घडांचा फोटो दाखवला आणि गाइडपोरीनं टेस्टिंग बाजूला ठेवून आत जाऊन बागेच्या मुकादमालाच बोलावून आणलं, पुढचा तासभर दोघं बोटांनी छाटणी दाखवत बोलत होते, भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती. चिलीपण खायच्या द्राक्षाचा मोठा निर्यातदार आहे, थॉम्पसन त्यांना चांगली माहितीय.

जायच्या आधी तालीम करायची तर अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली या वाइन कंपनीची बाग आहे, आपल्याकडनं जवळच, आधी बुकिंग करून जा. सांजोव्हेसे ही इटलीची जात आपल्या उन्हात कशी दिसते ते कळंल, थुंकायची लाजपण तिथंच मोडंल. चिलीतही सगळीकडं बुकिंग आधीच करा, न सांगता गेलं तर फाटकावरनं परत पाठवतात.

गाडी. पोरगा म्हणंल मी चालवतो. ज्या दिवशी चालवणार त्या दिवशी त्यानं थुंकूनसुद्धा चाखायचं नाही. चिलीत लिटरमागं ०.३ ग्रॅमच्या पुढं अल्कोहोल रक्तात सापडलं की संपलं, आणि २०१४ पासनंचा जो एमिलिया कायदा आहे त्यात पिऊन कुणाचा जीव घेतला किंवा कायमचं अधू केलं तर निदान एक वर्ष तुरुंगात काढावंच लागतं, ओळखपाळख चालत नाही. वायनरीच्या टूरला जायला-यायला गाडी ठरवा, पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

आईंचं. खोटं सांगू नका. मुंबईला कॉन्फरन्सला चाललोय वगैरे थाप मारली तर नातू व्हिडिओ कॉलवर मागनं पिंपं दाखवणारच. सांगा की नातवाला भेटायला आणि तिकडची द्राक्षशेती बघायला चाललोय, तिथं वाइन करतात, मी चव घेऊन थुंकणार आहे. त्या रागावतील, रागवू द्या, माळ त्यांची आहे आणि तो मान ठेवायचाच, म्हणजे घरात बाटली आणून फ्रीजमध्ये ठेवायची नाही एवढं तुम्ही पाळा. त्यांनी द्राक्षाच्या पैशावरच तुमचं शिक्षण केलंय, बाग बघायला चाललाय हे त्यांना लवकर पटंल. गावातले लोक बोलणारच. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायच्या निर्णयावर आपल्याकडं केवढा धुरळा उडाला ते आठवतंय ना, त्यात बोलणाऱ्या निम्म्या लोकांच्या स्वतःच्या बागा होत्या. तिकडं लक्ष नको.

काड्या. नाही म्हणजे नाही. परदेशातनं लागवडीची काडी आणायला परवाना आणि रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं, २००३ ची प्लांट क्वारंटाइन ऑर्डर आहे त्यासाठी. मोज्यात लपवून आणलेल्या एका काडीतनं कुठला व्हायरस सगळ्या तासगाव तालुक्याला भेट द्याल सांगता येत नाही. जातीच बघायच्या असतील तर पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथं जाऊन बोला. आणि जाताना उलटी बाजू, चिलीचं विमानतळ शेतीमालाच्या बाबतीत लय कडक. कुत्री बॅगा हुंगतात. पोराला घरचा बेदाणा न्यावासा वाटणार, नका नेऊ. भडंग, चटणी, मसाला जे काय न्याल ते फॉर्मवर लिहून जाहीर करा, लपवलेलं सापडलं की दंड होतो. बागेत घालायचे बूट धुऊन, माती काढून बॅगेत ठेवा.

वाइनची जात लावावी का? तुमच्या पत्रात हा प्रश्न शेवटी एका ओळीत आलाय पण मला वाटतं खरा प्रश्न हाच आहे. २००१ च्या वाइन धोरणानंतर पलूसला वाइन पार्क झालं तेव्हा आपल्याकडंही हवा होती, लोकांनी हौसेनं काबेर्ने-शिराज लावलं. मग २००८ नंतर मंदी आली, वायनऱ्यांनी माल उचलणं कमी केलं आणि त्या बागा काढाव्या लागल्या, कारण ते द्राक्ष बाजारात खायला विकत नाही आणि बी असल्यामुळं बेदाणाही होत नाही. थॉम्पसनचा भाव पडला तर तुम्ही शेडवर टाकता, इथं तो दरवाजाच नाही. म्हणून हातात वायनरीचा लेखी करार, तोही दर आणि वर्षं लिहिलेला, असल्याशिवाय अर्धा एकरसुद्धा नको. चिलीहून आल्यावर महिनाभर तर हा विषयच काढू नका, डोक्यात आपाल्ता असतं तोवर हिशेब नीट होत नाही.

बाटल्या आणायच्या तर माणशी दोन लिटरपर्यंत कस्टम ड्युटी नाही, दोघांत पाच बाटल्या बसतात, कपड्यात गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत. पण आईंना दिलेला शब्द आठवा, मित्रांच्या घरी परस्पर पोचवा.

आणि आता वहिनी. मी काय करू तिथं, हे तुम्ही पत्रात जरा चेष्टेनं लिहिलंय पण त्यांचा प्रश्न रास्त आहे, चार तास टेस्टिंग रूममध्ये पर्स धरून बसायला त्या एवढ्या लांब येणार नाहीत. सांता क्रूझला कोल्चाग्वाचं म्युझियम मोठं आहे, अर्धा दिवस सहज जातो. काही वायनऱ्यांत बागेतनं घोडागाडीनं फिरवतात, ते त्यांना आवडंल. बुकिंग करताना एक जण चाखणार नाही असं आधीच कळवा, त्यांच्यासाठी रस ठेवतात का विचारा, तोडणी चालू असंल तर टाकीतला ताजा रस चाखायला मिळूही शकतो, आणि नाकाचं काम तर त्याही करू शकतात, वास घ्यायला कुठली माळ आड येत नाही. फोडणीत काय जळालं ते स्वयंपाकघराबाहेरनं ओळखणारं नाक आहे, तुमच्याआधी त्यांनाच ढोबळी मिरची सापडणार.

शाकाहाराचं थोडं जपा. पोरोतोस ग्रानादोस म्हणून घेवड्याचे दाणे, मका आणि भोपळ्याची पातळ भाजी असते, ती मागा, पण मंतेका, म्हणजे डुकराची चरबी, घातलीय का ते प्रत्येक ठिकाणी विचारा, तळणात आणि कणसाच्या पदार्थांतही असते. टोमॅटो-कोथिंबीर-मिरचीचं पेब्रे पावाबरोबर लावून खा. जेवण अळणी लागलं तर मेरकेन मागा, धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड, तिकडच्या मापुचे लोकांची. आणि रस्त्यावर मोते कोन उएसियो दिसलं की वहिनींना ग्लास घेऊन द्या: वाळवलेल्या पीचचं गोड गार पाणी, तळाला शिजवलेला सोललेला गहू, अगदी खपलीच्या खिरीतला असतो तसा, चमच्यानं खायचा. त्यात दारू नसते. सँटियागोला पहिल्याच दिवशी द्या, म्हणजे पुढचे दिवस सोपे जातील.